ट्रेलरच्या दाराचे कुलूप : बदलण्याआधी चौकट तपासावी

मुक्कामाच्या तळावर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) उभा केल्यावर किल्ली फिरते, पण खिटी (कुलपातून सरकणारा दांडा) अडकते आणि दार उघडत नाही, तेव्हा संपूर्ण कुलूपच बदलावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो खर्च तूर्त करू नये. दार उघडे ठेवून कुलूप चालवून पाहावे. तसे ते सुरळीत चालत असेल, तर दोष कुलपात नसून खिटी जिच्यात बसते ती चौकटीवरील पट्टी आणि खिटी यांची जुळणी बिघडल्यात आहे.

याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कोपऱ्यांवरचे जॅक. ते केवळ हेलकावे थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलून समपातळीत आणू गेल्यास सांगाडा पिळतो आणि दाराची चौकट काटकोनात राहत नाही. म्हणून डावी-उजवी पातळी चाकांखाली ठोकळे देऊन आणि पुढची-मागची पातळी जोडदांड्याच्या (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्याच्या) जॅकने साधावी, मगच कोपऱ्यांचे जॅक जमिनीला टेकेपर्यंत आणि थोडेसेच अधिक आवळावेत.

दार उघडे असतानाही कुलूप अडत असेल, तर त्यात ग्रॅफाइटची पूड घालावी. तेलावर धूळ बसते आणि कच्च्या रस्त्यांवर तर ती फार बसते. त्यानेही भागले नाही, तर नवे कुलूप घेण्यापूर्वी दारातील खाचेची लांबी-रुंदी आणि दाराची जाडी मोजावी.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : बिघडलेल्या दाराआड मुलांना घेऊन झोपण्यापूर्वी आपत्कालीन खिडकीचे लाल खटके सहज उघडतात ना, हे स्वतः उघडून पाहावे.