पावलं मोजणारं घड्याळ आणि आपण: तुमच्या घरचे किस्से लिहा

सांजवारा:
दसऱ्याची आवराआवर चाललीय. आप्पांच्या (माझे सासरे) कपाटातला खालचा खण रिकामा करताना त्यांचं पावलं मोजायचं यंत्र सापडलं. काडेपेटीएवढं, कमरेला अडकवायचं, पुढे आकड्यांची छोटी खिडकी. सगळं काम तसंच टाकून ते हातात घेऊन बसलेय, म्हणून हा धागा.

आप्पा बँकेतून रिटायर झाले, शुगर निघाली, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं आणि धाकट्या दिरांनी हे आणून दिलं. ते कमरेला घट्ट बसलं तरच आकडा पुढे सरकायचा. लेंग्याच्या नाडीला लावलं की नुसतं लोंबकळायचं. मग आप्पांनी लेंग्यावर पट्टा बांधायला सुरुवात केली. घरात बनियन-लेंगा आणि त्यावर ऑफिसचा काळा कातडी पट्टा, पुढे चकचकीत बक्कल! रात्री साडेअकराला पॅसेजमधे चपला वाजायच्या. मी आतून विचारायचे, आप्पा किती राहिली, ते म्हणायचे झोप गं तू, साडेचारशेच आहेत. सासूबाई म्हणायच्या मेलं ते यंत्र विहिरीत टाका. बाराच्या ठोक्याला कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहायचा आणि मगच बटण दाबून शून्यावर आणायचं, असा नेम होता त्यांचा.

आता तो वसा माझ्याकडे आलाय. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल. फोन आला की मी उठून चालायलाच लागते, त्यामुळे नणंदेचे लांबलचक फोन हल्ली फार गोड लागतात. लेक म्हणते आई एका जागी उभी राहून बोल, मला गरगरतंय.

तुमच्याकडे कोण आहे असं? स्वतःचं लिहा, घरच्यांचं लिहा.

चहाबाज:
लेंग्यावर पट्टा!! आप्पा डोळ्यापुढे उभे राहिले. हाहाहा

पावसाळी_ढग:
झांजा. बास एवढंच सांगते, गणपतीत हातात झांजा घ्या. आमच्याकडे कोकणात आरत्या तासभर चालतात, पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पापर्यंत जागचं न हलता हजाराच्या वर जातात पावलं. हे आमच्या चुलतभावाने शोधून काढलं आणि तेव्हापासून झांजांवरून मारामारी. आधी सगळे मोबाईलमधे तोंड घालून मागे उभे असायचे, आता पोरं संध्याकाळी सहापासून झांजा धरून बसतात. काका म्हणाले कशासाठी का होईना, आरतीला आली ना पोरं.

नदीकाठ:
ताक!! माझ्या आईला मनगटावर पावलं मोजायचा बँड दिला होता, गावी अजून रवीने ताक करते. दुपारी मला फोन, अगं मी बसल्या जागी अडीच हजार चालले म्हणतेय हे. तिला इतकं आवडलं की शेजारच्या काकूंचं ताकही करून द्यायला लागली.

आर्याची_आई:
तुमचं ताक मोजतं, मग माझा स्वयंपाक का मोजत नाही हो? सकाळी साडेपाचपासून उभी असते मी. तीन डबे, सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं, धुणं वाळत घालणं, आणि दुपारी बघते तर अठराशे. अठराशे!! वर दर तासाला थरथरतं, उठा, जरा हालचाल करा. पोळ्या लाटत होते तेव्हा. लाटणंच हाणणार होते त्याला.

सर्किट_काका:
आर्याची आई, कारण सांगतो. आत तीन दिशांचा वेग-बदल मोजणारा सेन्सर असतो. एका लयीत हिसके बसले की तो त्याला चाल समजतो. आता नुसतं खाजवलं किंवा हात हलवला तरी पाऊल मोजलं जाऊ नये म्हणून बरीच घड्याळं सलग आठ-दहा पावलं लयीत पडेपर्यंत थांबतात आणि मग मागचीसकट धरतात. तुम्ही ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं जाता, थांबता, वळता, दोन पावलं सिंककडे. ती सगळी वाया. रवी आणि झांजा मात्र एका ठेक्यात चालतात, म्हणून फसतं ते. दोन्ही हातात मंडईच्या पिशव्या असतील किंवा मॉलमधली ढकलगाडी धरली असेल तरी तेच, हात हलत नाही म्हणून मोजत नाही. आमच्या रस्त्यावर रिक्षात बसलो तर मोजतं पण!

आर्याची_आई:
म्हणजे घरातलं काम ह्यालाही दिसत नाही. नवऱ्याचा मावसभाऊच आहे हे घड्याळ.

चहाबाज:
वरचं वाक्य बायको मोठ्याने वाचून दाखवतेय घरात. पळतो.

खारी_बिस्कीट:
सर्किट काका तुमच्यामुळे एक कोडं सुटलं. माझ्या लग्नात मी बँड काढला नव्हता, हिरव्या चुड्याच्या आत लपवला होता, मेव्हण्याने फोटो काढल्यावर सगळ्यांना कळलं. रात्री बघितलं तर वरातीतले नाचलेले सगळे होते पण सप्तपदीच्या वेळेला काहीच नाही. सातच पावलं ना, दहा भरली नाहीत!

पावसाळी_ढग:
अगं चुड्याच्या आत!! काचला नाही का? माझ्या मनगटाला तर लाल पट्टा उठतो.

खारी_बिस्कीट:
सिलिकॉनचा असेल तर घामाने होतं. रात्री काढून धू आणि कोरडा करून घाल. कापडी पट्टा मिळतो, तो बरा.

विठाई:
मी वारीबद्दल लिहिते. आळंदी ते पंढरपूर. पुणे सासवड हा टप्पा सगळ्यात मोठा, दिवे घाट चढायचा असतो, त्या दिवशी माझ्या मनगटावर पन्नास हजाराच्या वर गेलं होतं. आमच्या दिंडीत एक मावशी होत्या, बार्शीकडच्या. त्यांना हे भारी आवडलं, दर विसाव्याला मला गाठून किती झाली माउली, किती झाली माउली. शेवटी मी म्हटलं घ्या तुम्हीच घाला. त्यांच्या डोक्यावर तुळस, उजव्या हाताने वृंदावन धरलेलं, बँड त्याच हातात. दुपारपर्यंत आकडा जेमतेम हललेला, हात वरच धरलेला ना! मावशींनी बँड काढला, सरळ पायात घातला पैंजणाच्या वर, आणि मग बरोब्बर चालू झालं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. संध्याकाळी समाजआरतीच्या आधी अख्ख्या दिंडीला आकडा सांगून झाला होता. पंढरपुरात पोचेपर्यंत तो त्यांच्याच पायात होता आणि मग माझ्याने परत मागवला नाही.

सांजवारा:
विठाई, किती सुंदर. पैंजणाच्या वर!

अबोली_म:
विठाईने पायाचं लिहिलं म्हणून सांगते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉकर होता. दोन्ही हात वॉकरवर, घड्याळ शून्य दाखवायचं आणि ती रडवेली, एवढं दुखत असताना चालतेय आणि हे मेलं नाही म्हणतंय. मी मोज्यात खोचून दिलं. त्या संध्याकाळी शंभरच्या जवळ पोचली. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी आकडा. दूधवाल्याला पण. आता जिना उतरून खाली मारुतीला जाते एकटी.

चहाबाज:
आईंना नमस्कार सांगा आमचा.

फिजिओ_मी:
अबोली, वॉकरवाल्यांना आम्ही हेच सांगतो, घोट्याला बांधा. आणि सगळ्यांसाठी, जे रात्री बाराला पॅसेजमधे फेऱ्या मारतात त्यांच्यासाठी. रोज दहा हजार पावलं हा जो आकडा सगळे धरून बसतात, तो डॉक्टरांनी काढलेला नाहीये. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमधे व्यायामाची हवा होती, १९६५ मधे तिथल्या यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजारचा आकडा त्याच्याबरोबर आला तो आजतागायत. २०१९ मधे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास आला. रोज साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांमधे मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७५०० च्या आसपास हा फायदा सपाट होत गेला. त्यामुळे सत्तरीच्या आई-सासूबाईंना दहा हजारासाठी दामटू नका. जी रोज होतात त्यात हजारभर वाढवा, खूप झालं. क्लिनिकमधून टाइप करतेय, पेशंट आलेत, नंतर येते.

खारी_बिस्कीट:
पण ७५०० ला फटाके उडत नाहीत ना स्क्रीनवर :(

सर्किट_काका:
सेटिंगमधे जाऊन टार्गेट बदला, ७५०० ला पण उडतील.

खारी_बिस्कीट:
बदललं!! उडाले!!

संत्राबर्फी:
नागपूरवाले कोणी आहे का? आमच्या बाबांचं ऐका. अंबाझरीला रोज सकाळी जातात, ते ठीक. पण मे महिन्यात पारा ४५ वर, सकाळी सातलाच चटके. मग घरातल्या घरात. कूलरसमोरून दिवाण, दिवाणावरून देवघर, परत कूलर. कूलरच्या समोर आले की दोन सेकंद जागेवरच पाय हलवत थांबतात, हवा खातात आणि पुढे. आई त्या वाटेत पापड वाळवत होती. आता त्यांनी पापडातून वळणं घेत चालायचा रस्ता काढला, आणि आई काठी घेऊन बसते, पापडाला पाय लागला की ओरडते अन बाबा म्हणतात थांबवू नको वो, लय तुटते. दोघं पण खूष आहेत एकदम. आईच्या हातात पण बांधून दिला आता एक, काठी हलवते तर मोजते म्हणे.

नदीकाठ:
पापड कुठले करता, मूग का तांदळाचे? नागपूरला मुगाचे जास्त ना

संत्राबर्फी:
मूग पण आणि ज्वारीच्या बिबड्या पण. बिबड्यांवर पाय देऊन बघावं कोणी, आई सोडणार नाही.

हिमगौरी_मिनेसोटा:
इकडे जानेवारीत उणे वीस पंचवीस. मिनिआपोलिस डाउनटाउनमधे इमारती काचेच्या पुलांनी जोडल्यात, स्कायवे म्हणतात, मैलोन्मैल कोट न घालता चालता येतं. आईबाबा आले होते तेव्हा मी रोज ऑफिसला जाताना त्यांना तिथे सोडायचे आणि संध्याकाळी उचलायचे. बाबांनी पूर्ण नकाशा पाठ केला, भारतातून आलेल्या दुसऱ्या आजीआजोबांना पण घेऊन फिरवायचे. मजा परतीच्या विमानात. इथून भारतात जाताना दिवस छोटा होतो ना, घड्याळ उतरल्यावर भारताची वेळ धरणार आणि मधले तास गायब. बाबांनी वहीत गणित मांडलं, किती वाजता कुठली तारीख. आणि मग फ्रँकफर्टला गेटसमोर फेऱ्या चालू, आई बॅगा धरून, अहो बोर्डिंग लागलं, अहो बोर्डिंग लागलं. फ्रँकफर्टचा दिवस त्यांनी पूर्ण केला आणि मगच विमानात चढले.

विठाई:
बाबांना दंडवत __/\__

टेकडीवाला:
पुण्यातल्या लोकांनी मजल्यांचं काहीच लिहिलं नाही? काही घड्याळात हवेचा दाब मोजायचं असतं, तीनेक मीटर चढून गेलं आणि पावलं पण पडत असली की एक मजला धरतं. लिफ्टमधे म्हणूनच धरत नाही. मी पर्वती रोज चढतो, १०३ पायऱ्या. मित्राच्या घड्याळात माझ्यापेक्षा एक मजला जास्त येतो त्यावरून आमचा वाद चालूच आहे. एकदा दोघांनी घड्याळं अदलाबदल करून चढलो. तरी त्याच्याच घड्याळात एक जास्त! म्हणजे घड्याळाचाच फरक, माझ्या चढण्याचा नाही, हे मी त्याला वरती पोचल्यावर सर्वांसमक्ष पटवून दिलं. तिथे रोज येणारे एक आजोबा आहेत, घड्याळ बिड्याळ काही नाही, खिशात चिंचोके. एक चढ झाला की डाव्या खिशातला उजव्या खिशात. त्यांचं कधीही चुकत नाही.

सर्किट_काका:
चिंचोक्याला चार्जिंग पण लागत नाही.

रस्सा_घ्या:
कोल्हापूरकर हात वर करा. रंकाळ्यावर सकाळी अर्धं गाव मनगट बघत चालतंय. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, ज्याची आठवड्याची पावलं सगळ्यात कमी त्याने रविवारी मिसळ द्यायची. गेला महिनाभर एकाच पोराकडून खातोय, बिचारा बैठं काम करतोय, त्यात लग्न ठरलंय, फोनवर बोलताना एका जागी बसून बोलतोय.

सांजवारा:
त्याला म्हणावं उभं राहून चालत बोल! माझी पद्धत सांगा त्याला.

रस्सा_घ्या:
सांगितलं ओ ताई. तर होणारी बायको म्हणली धापा का टाकताय.

पावसाळी_ढग:
हाहाहा मेले मी

अबोली_म:
मी पण कोल्हापूरच, राजारामपुरी. आईला एकदा रंकाळ्यावर आणायचंय, बसायला जागा आहेत ना मधे मधे? पूर्ण फेरी नाही जमायची तिला.

रस्सा_घ्या:
आणा की. संध्यामठाच्या बाजूने या, कट्टे आहेत बसायला, सावली पण आहे. आम्ही सहाला असतोय. रविवारी आणा, मिसळ पण खातील, पैसे कोण देणार ते ठरलेलंच आहे.

अबोली_म:
कमी तिखट मिळेल ना तिला?

रस्सा_घ्या:
दही मागून घेऊ. चला, पाणी आलंय, टाकी भरतो.