प्रेशर पाइपला क्लिप नको

या चर्चेत कुणीतरी गोव्यातल्या पोर्शे ९४४ च्या पॉवर स्टीअरिंगचा गळका पाइप कापून क्लिप मारायला सांगितलंय. कृपया नको! तेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाला क्लिप चालते, तिथे दाब कमी. पण पंपाकडून रॅककडे (चाकं वळवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपात स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर दाब ७० बारच्याही वर जाऊ शकतो. क्लिप सुटून तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर गाडी पेटू शकते.

गोव्यात खाणीची यंत्रं आणि ट्रॉलर आहेत, त्यामुळे हायड्रॉलिक पाइप क्रिंप करणारा, म्हणजे पाइपावर धातूची टोकं मशीनने दाबून बसवणारा शोधा. पाइपाची जुनी टोकं खाऱ्या हवेनं गंजली नसतील तर त्यांवरच नवा पाइप चढवून मिळेल. तेल डेक्सरॉन एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला. पाइपांतली हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा.