खाजगी कायद्याची मूलतत्त्वे: सुटे पेपर एकत्र कसे जुळवावेत?

विद्यार्थी_लांजा

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. करार, अपकृत्य (टॉर्ट), कौटुंबिक कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण हे विषय आम्हाला वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या अध्यापकांकडून शिकवले जातात. हे सर्व मिळून खाजगी कायदा, म्हणजे व्यक्ती-व्यक्तींमधील संबंधांचा कायदा होतो, असे पहिल्याच तासाला सांगण्यात आले, पण त्यानंतर तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. व्याख्या आणि कलमे लिहिता येतात; मात्र व्यवहारातला प्रश्न समोर आला की कोणत्या कायद्यापासून सुरुवात करावी, हेच उमगत नाही.

अलीकडे वर्गात पुढील प्रश्न दिला होता. दोन भावांचा सातबारा सामायिक आहे. थोरला गावी राहतो, धाकटा मुंबईला. थोरल्याने हापूसची बाग तीन हंगामांसाठी एका व्यापाऱ्याला कराराने दिली, कागद नोटरीकडे केला आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली. फवारणी आणि राखण व्यापाऱ्याने करायची होती. दुसऱ्या हंगामात धाकटा भाऊ आला आणि त्याने व्यापाऱ्याच्या गड्यांना बागेत पाऊल टाकू दिले नाही. आता व्यापाऱ्याने कोणाकडून काय मागावे? निम्म्या वर्गाने करार अधिनियमाचे कलम ७३ (करारभंगाची नुकसानभरपाई) लिहिले, उरलेल्यांनी सहहिस्सेदारांचे हक्क लिहिले, आणि दोन्ही उत्तरे अपुरी ठरली.

अशा प्रश्नांसाठी अभ्यासाचा क्रम कसा असावा? रोमन कायदा वाचल्याशिवाय हा पाया पक्का होत नाही, असे एका वरिष्ठांनी सांगितले. ते कितपत खरे आहे?

देवगड_वकील

तुमच्या प्रश्नात तीन व्यक्ती आहेत. कोणतेही कलम आठवण्याआधी त्यांच्यातील नाती कागदावर मांडा: व्यापारी आणि थोरला, थोरला आणि धाकटा, धाकटा आणि व्यापारी. यांपैकी पहिले नाते कराराचे आहे, दुसरे कुटुंबाचे आणि सामायिक मालकीचे आहे, आणि तिसऱ्यात करार मुळीच नाही. कराराने मिळणारा हक्क ठरावीक व्यक्तीपुरताच चालतो, तर मालमत्तेतील हक्क सर्वांविरुद्ध चालतो. खाजगी कायद्याचा सगळा डोलारा या भेदावर उभा आहे आणि चारही पेपर त्याचीच निरनिराळी अंगे शिकवतात.

म्हणून खरा प्रश्न असा की, व्यापाऱ्याला थोरल्याकडून नेमके मिळाले काय? फक्त फळे मिळाली असतील, तर ती जंगम मालमत्ता आहे. नोंदणी कायदा, १९०८ झाडावरील फळांना जंगमच धरतो, आणि तोडून नेण्याच्या बोलीने विकलेले उभे पीक वस्तुविक्री कायदा, १९३० नुसार ‘माल’ होतो. एका हंगामाचे तयार फळ विकले असते तर विषय तिथेच संपला असता. इथे मात्र जो मोहोर अजून आलेलाच नाही, त्यासह तीन वर्षांचे उत्पन्न, बागेत शिरण्याची मुभा आणि मशागतीची जबाबदारी व्यापाऱ्याकडे गेली आहे. हा जमिनीपासून मिळणाऱ्या लाभाचा हक्क दिसतो आणि असा लाभ स्थावर मालमत्तेत मोडतो.

किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याने यासाठी आनंद बेहरा विरुद्ध ओरिसा राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५५ चा निवाडा अवश्य वाचावा. चिल्का सरोवरातील मासे पकडून नेण्याचा हक्क तोंडी व्यवहाराने विकत घेतल्याचा दावा त्यात होता. न्यायालयाने तो हक्क स्थावर मालमत्तेतील ठरवला, आणि किंमत शंभर रुपयांहून अधिक असून नोंदणीकृत दस्त नसल्यामुळे खरेदीदाराला कोणताही हक्क मिळाला नाही असे सांगितले. मासे जंगम, परंतु ते पकडण्याचा हक्क स्थावर, हे एकदा पटले की आंब्याचा प्रश्न अर्धा सुटतो. तुमच्या व्यापाऱ्याचा कागद नोटरीचा आहे, आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा म्हटला तरी तो नोंदवावाच लागला असता.

सारांश, बागेवरील हक्क डळमळीत आहे, म्हणून धाकट्याविरुद्ध जोर कमी. थोरल्याविरुद्धचा पैशांचा दावा मात्र उभा राहतो. करार निरर्थक निघाला तर करार अधिनियमाच्या कलम ६५ खाली घेतलेला लाभ परत करावा लागेल, आणि तो मोडला असे ठरले तर कलम ७३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागेल. ज्यांनी कलम ७३ लिहिले त्यांनी शेवटची पायरी आधी लिहिली, एवढेच.

अध्यापिका_सावंतवाडी

वरील मांडणी मला मान्य आहे, परंतु थोरल्याला नुसता सहहिस्सेदार समजून पुढे जाता येणार नाही. ही जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल आणि थोरला कर्ता, म्हणजे कुटुंबाचा कारभारी म्हणून वागत असेल, तर कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा मालमत्तेच्या हितासाठी त्याने केलेला व्यवहार धाकट्यालाही बांधतो. हनुमानप्रसाद प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठाने) १८५६ मध्ये घालून दिलेली कसोटी आजही येथूनच सुरू होते. वाटप होऊन दोघे केवळ सामायिक मालक उरले असतील, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४४ पाहावे लागेल: व्यापारी थोरल्याच्या हिश्श्यापुरता त्याच्या जागी उभा राहील, त्याहून अधिक नाही. प्रश्नपत्रिकेत हा तपशील दिलेला नसेल, तर उत्तरात दोन्ही शक्यता लिहाव्यात. परीक्षक नेमके तेच शोधत असतात.

रोमन कायद्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या पाठ्यग्रंथातील व्यक्ती, वस्तू आणि दावे ही विभागणी समजून घ्यावी. ते एका संध्याकाळचे काम आहे. त्यापलीकडे लॅटिन संज्ञा पाठ करून पहिल्या दोन वर्षांत फारसे काही हाती लागत नाही. त्या परंपरेतील जिवंत कायदा पाहायचा असेल तर सीमेवरच्या बांद्याच्या पुढे गेले की झाले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही चालतो; तेथे विवाहाबरोबर सामान्यतः पती-पत्नीच्या मालमत्तेचे एकत्रीकरण होते, आणि सक्तीचे वारस (ज्यांचा वाटा कायद्यानेच राखीव असतो) असतील तर मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मालमत्ता देता येत नाही. आपल्याकडे स्वतःच्या मालमत्तेचे मृत्युपत्र करणाऱ्या हिंदूवर असे बंधन नाही. विवाह, वारसा आणि मालमत्ता हे तीन पेपर एकाच संहितेत कसे गुंफले जातात, ते या तुलनेतून चांगले कळते.

कोकणातही पूर्वी एक सीमारेषा होती. जुन्या हिंदू कायद्यात उत्तर कोकण, मुंबई बेट आणि गुजरात येथे व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाला अग्रमान होता, तर आपल्या दक्षिण भागात मिताक्षरा या ग्रंथाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानंतर याचे व्यावहारिक महत्त्व बरेच ओसरले, तरी जुन्या निवाड्यांत हा भेद पदोपदी भेटतो.

खेड_महसूल

एक पुरवणी. उत्तरात ‘सातबारावर नाव आहे म्हणून मालक’ असे कोणी लिहू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही. तथापि याच सातबाराचा उपयोग थोरला बचावासाठी करील. धाकट्याचा हिस्सा आपल्यापासून लपवला असे व्यापारी म्हणू लागला, तर करार अधिनियमाच्या कलम १९ चा अपवाद आडवा येतो: साधी दक्षता घेऊन सत्य कळण्याजोगे असेल, तर मौन बाळगले एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. तलाठ्याकडचा उतारा काढणे याहून साधी दक्षता ती कोणती?

विद्यार्थी_लांजा

सर्वांचे आभार. नाती आधी मांडण्याची पद्धत लगेच उपयोगी पडली. एक उपप्रश्न राहतो: धाकटा आलाच नाही, परंतु तौक्ते चक्रीवादळासारख्या आपत्तीत फळ गळून गेले असते, तर करार अधिनियमाचे कलम ५६ (पार पाडणे अशक्य झालेला करार निरर्थक ठरवणारे) लागू झाले असते का?

देवगड_वकील

सहसा नाही. सत्यव्रत घोष प्रकरणात, १९५३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘अशक्य’ याचा अर्थ व्यवहाराच्या अंगाने घ्यावा असे म्हटले; केवळ तोटा झाला म्हणून करार संपत नाही. बाग शाबूत असून एका हंगामाचे फळ गेले, तर तीन हंगामांच्या करारात ती जोखीम व्यापाऱ्याने पत्करली होती असा युक्तिवाद सबळ ठरतो. आंब्याची झाडेच मुळासकट उन्मळून पडली तर मात्र चित्र पालटते. आणि फळांचीच निव्वळ विक्री असेल, तर कलम ५६ च्या आधी वस्तुविक्री कायद्याचे कलम २६ पाहा: वेगळे काही ठरले नसेल तर जोखीम मालकीच्या मागोमाग जाते, त्यामुळे झाडावरचे फळ त्या दिवशी कोणाच्या मालकीचे होते हे आधी ठरवावे लागेल. करारात वादळाबाबत अट लिहिलेली असेल, तर या दोन्ही कलमांच्या आधी ती वाचावी.