एमआरआय नॉर्मल, तरी लेवी बॉडी?

ताई, आईंचा एमआरआय जवळजवळ नॉर्मल असताना डॉक्टर लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) कशावरून म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. बाबांच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. लेवी बॉडी म्हणजे चेतापेशीच्या आत साचलेले अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे. ते एमआरआयमध्ये दिसत नाहीत. निदान लक्षणांवरून होतं. पक्की खात्री मृत्यूनंतर, मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

तेव्हा मध्यमेंदूतला सबस्टॅन्शिया नायग्रा हा एरवी काळपट दिसणारा पट्टा बरेचदा नुसत्या डोळ्यांनाही फिका दिसतो, कारण तिथल्या पेशी मेलेल्या असतात. मेंदूच्या बाह्य थरातले गोळे मात्र, तपासणीसाठी मेंदूचे काप साध्या रंगद्रव्याने रंगवले तर, सहज नजरेतून निसटतात. १९९७मध्ये या गोळ्यांत अल्फा-सिन्यूक्लीन असल्याचं ओळखलं गेलं आणि ते नेमकं रंगवता येऊ लागलं, तेव्हा त्यांचा खरा पसारा दिसला. अनेकांच्या मेंदूत अल्झायमरमध्ये साचणारी प्रथिनंही सोबत सापडतात, म्हणून लक्षणांची सरमिसळ होते. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना हयातीत पार्किन्सन (कंपवात) सांगितला होता. २०१४मध्ये ते गेल्यावर तपासणीत लेवी बॉडी मेंदूभर पसरलेल्या आढळल्या.

आमचे बाबा सकाळी तळजाई टेकडीवर व्यवस्थित गप्पा मारायचे, आणि संध्याकाळी त्यांना कपाटापाशी लहान मुलं बसलेली दिसायची. भास थांबावेत म्हणून एका रुग्णालयात हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलं, तर दोन दिवस लाकडासारखे ताठ पडून होते. या आजारात अशी औषधं जिवावर बेतू शकतात. आईंच्या फाइलच्या पहिल्याच पानावर हे ठळक लिहून घ्या, आजच.