कल्चरमध्ये बर्खोल्डेरिया, समरीत स्युडोमोनास… कोड कुठला लावू?

नवीकोडर_पुणे
नमस्कार मंडळी. मी मेडिकल कोडर, पुण्यात बसून अमेरिकेतल्या भरती पेशंटचे चार्ट वाचून प्रत्येक निदानाला आयसीडीचा कोड लावते, आठ महिने झाले, पण असला चार्ट पहिल्यांदाच हातात आलाय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, फक्त गुंता सांगते. टाइप टू डायबेटिस, ताप आणि दम लागतोय म्हणून अ‍ॅडमिट, न्यूमोनिया, सेप्सिस, त्यात किडनीपण बिघडली. पाचव्या दिवशी ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला, बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय. इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांनी त्यांच्या नोटमध्ये सरळ मेलिओइडोसिस (याच जंतूमुळे होणारा आजार) लिहिलंय पण अटेंडिंगच्या, म्हणजे मुख्य डॉक्टरांच्या, डिस्चार्ज समरीत स्युडोमोनास सेप्सिस आणि स्युडोमोनास न्यूमोनिया एवढंच आहे. एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) मला ए४१.५२ (स्युडोमोनास सेप्सिस) आणि जे१५.१ (स्युडोमोनास न्यूमोनिया) कडे नेतोय. टीममधला एक जण म्हणतो लाव आणि पुढे जा, बी९६.५ च्या नावात कंसात स्युडोमॅलाय आहेच की, म्हणजे स्युडोमोनासच झाला. मला पटत नाहीये, पण कल्चर बघून मीच ए२४.१ (अक्यूट मेलिओइडोसिस) लावलं तर चालेल का?

ऑडिट_दादा
ताई, तुला पटलं नाही ते बरोबरच आहे, पण कल्चर बघून तू लावू नकोस. लॅबचा रिपोर्ट म्हणजे डायग्नोसिस नाही, ते डॉक्टरनेच लिहायला हवं. कन्सल्टंटच्या नोटवरून कोड लावता येतो, पण अटेंडिंगशी मेळ असेल तरच, आणि इथे दोघांचं जुळत नाहीये, म्हणून क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा लेखी प्रश्न, अटेंडिंगलाच जाणार.

आता नावाचं. हा जंतू पूर्वी स्युडोमोनास स्युडोमॅलाय म्हणूनच ओळखला जायचा, १९९२ मध्ये त्याला बर्खोल्डेरियात टाकलं, पुस्तकात जुनं नाव तसंच राहिलंय आणि तिथेच सगळे फसतात. बी९६.५ हा जोडीचा कोड, आजाराचा कोड जंतू सांगत नसेल तेव्हा लावायचा. मेलिओइडोसिसला स्वतःचं घर आहे, ए२४. इंडेक्समध्ये जंतूच्या नावाने शोधत बसू नकोस, मेलिओइडोसिस किंवा व्हिटमोर्स डिसीज या नावाने शोध. ए२४.१ उघडून बघ, त्याच्याखाली न्यूमोनिया आणि सेप्सिस दोन्ही लिहिलेत, म्हणजे डॉक्टरने मेलिओइडोसिस मान्य केलं की ए४१.५२ पण नको आणि जे१५.१ पण नको. किडनीचं सेप्सिसमुळेच झालं का तेही त्याच क्वेरीत विचार, त्यांनी हो म्हटलं तर आर६५.२० (सिव्हियर सेप्सिस) आणि एन१७.९ (किडनी अचानक निकामी होणं) येतील, पण ए२४.१ पहिला.

क्वेरी लिहिताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नकोस. कल्चरची तारीख, कन्सल्टंटची नोट, समरीतलं वाक्य, तिन्ही समोर ठेव आणि पर्याय दे, त्यात 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही हवेत. पैशाचा उल्लेख अजिबात नको.

(भारतातल्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांसाठी: मेलिओइडोसिसचा प्रकार लिहिलेला नसेल तर डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये ए२४.४ आणि आयसीडीच्या अमेरिकन आवृत्तीत, सीएममध्ये, ए२४.९, दोन्हीची सरमिसळ करू नका.)

लॅबवाली_सिंधुदुर्ग
कोडिंगमधलं मला कळत नाही, मी मायक्रोबायोलॉजीत आहे, पण हे वाचून राहवलं नाही. हा आजार आपल्या कोकण-गोव्याच्या पट्ट्यातलाच आहे हो, माती आणि पाण्यात असतो, पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि डायबेटिसवाल्याला आधी धरतो. माझे मामा लावणीच्या दिवसांत पायाला जखम घेऊन चिखलात उभे राहिले, नंतर ताप काही हटेना, फोटोत छातीत डाग दिसला म्हणून कितीतरी महिने टीबीच्या गोळ्या चालू. शेवटी प्लीहेत गळू निघाला, त्यातल्या पुवाचं कल्चर झालं तेव्हा नाव कळलं. कल्चर याआधीही एकदा झालं होतं, तेव्हा रिपोर्टवर 'स्युडोमोनास स्पीशीज' लिहून विषय संपला होता. मग शिरेतून सेफ्टाझिडिम आणि नंतर तीन महिने सेप्ट्रानच्या गोळ्या, मामा आज शेतात आहेत.

आम्ही बेंचवर काय बघतो सांगते. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हीला दाद देत नाही पण ऑगमेंटिनला देतो, असा ग्रॅम निगेटिव्ह दिसला की मी प्लेट टाकून देत नाही, दोन-तीन दिवस ठेवते, कॉलनीवर सुरकुत्या पडायला लागतात. एवढं करून नाव शोधायचं आणि कागदावर परत स्युडोमोनास पडलं तर त्या पेशंटची नोंद कुठेच सापडत नाही. म्हणून ताई, तू अडून राहा.

नवीकोडर_पुणे
मामांचं वाचून पोटात कालवलं. क्वेरी पाठवली दादा, टार्गेट चुकलं आज, चुकू दे. एक राहिलं, कल्चर पाचव्या दिवशी आलं तर पीओए मध्ये (भरती होतानाच आजार होता का, वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही) एन टाकायचा का? आणि पेशंट परदेशात गेल्याची नोंदच नाही, हे अमेरिकेत होतं तरी का?

ऑडिट_दादा
नाही, वाय. निदान उशिरा झालं, पण ताप, न्यूमोनिया घेऊनच तो आला ना, मग आजार अ‍ॅडमिट होतानाच होता. एन टाकलास तर हॉस्पिटलमध्ये लागण झाली असा अर्थ निघेल.

आणि होतं की अमेरिकेत. २०२१ मध्ये जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा, टेक्सास मिळून ४ जणांना झाला, २ गेले, कोणीच परदेशात गेलेलं नव्हतं, शेवटी भारतात बनलेल्या एका सुगंधी रूम स्प्रेत जंतू सापडला. २०२२ मध्ये तर मिसिसिपीच्या किनारपट्टीवर माती-पाण्यातच मिळाला. त्यामुळे प्रवासाची नोंद नाही म्हणून मागे हटू नकोस.

नवीकोडर_पुणे
अपडेट: आज उत्तर आलं. अटेंडिंगनी अ‍ॅडेंडम टाकलाय (समरीला पुरवणी नोंद), अक्यूट मेलिओइडोसिस विथ सेप्सिस अँड न्यूमोनिया, किडनी सेप्सिसमुळे असंही स्पष्ट लिहिलंय. ए२४.१, आर६५.२०, एन१७.९, डायबेटिसचा ई११ मधला, सगळ्यांना वाय. चार्ट क्लोज केला. लॅबवाली ताई, मामांना नमस्कार सांगा.