शाळांनी प्रॉम बंद करावा का?

वैदेही_एडिसन
एप्रिल-मे आला की इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, ज्युनियर-सीनियर (अकरावी-बारावीच्या) मुलांच्या घरात प्रॉमशिवाय, म्हणजे वर्षाच्या शेवटी हायस्कूलमध्ये नटूनथटून होणाऱ्या नाचाच्या पार्टीशिवाय, दुसरा विषय नसतो. माझी लेक यंदा ज्युनियर आहे. आजूबाजूला जे बघतेय त्यावरून माझं मत पक्कं झालंय: शाळांनी प्रॉम भरवणं बंद करावं.

पहिली गोष्ट पैशाची. तिकिटाचं एकवेळ समजू शकते. पण गाऊन, तो अंगाबरोबर करून घ्यायची शिलाई, केस, नखं, मनगटावरचं फुलांचं कॉर्साज, मुलाचा भाड्याचा टक्सिडो (समारंभाचा खास सूट), लिमो म्हणजे ती लांबलचक आलिशान गाडी... व्हिसा कंपनीच्या २०१५ च्या पाहणीत अमेरिकेतला सरासरी खर्च ९१९ डॉलर निघाला. त्यातले ३२४ नुसत्या प्रॉमपोजलचे, म्हणजे पोस्टर, फुगे, व्हिडिओ असा थाट करून 'येशील का माझ्याबरोबर' हे विचारण्याचे. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट पुढेच आहे. वर्षाला २५ हजार डॉलरच्या आत मिळकत असलेल्या घरांचा अंदाज होता १,३९३ डॉलर, तर ५० हजारांच्या वरच्यांचा ७९९. आपलं लेकरू चारचौघांत कमी दिसू नये म्हणून आईबाप पोटाला चिमटा काढतात. शाळेनं याला आपलं नाव का द्यावं?

दुसरं, जिला कोणीच विचारत नाही, तिनं ते सगळे आठवडे वर्गात कसे काढायचे?

समीर_अटलांटा
वैदेहीताई, खर्चाचं शंभर टक्के पटतं. पण शाळेनं अंग काढून घेतलं की काय होतं, ते आमच्या जॉर्जियातच घडलंय. विलकॉक्स काउंटीत शाळा एक, वर्ग एक, पण प्रॉम आईबाप खासगीत भरवायचे: गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. शाळा म्हणायची, आमचा कार्यक्रमच नाही, आम्ही काय करणार? शेवटी २०१३ मध्ये चार मैत्रिणींनी, दोन काळ्या आणि दोन गोऱ्या, पैसे गोळा करून सगळ्यांचा मिळून पहिला प्रॉम केला. पुढच्या वर्षी शाळेनं तो हातात घेतला.

मिसिसिपीतल्या चार्ल्स्टनचंही तेच. तिथे वाढलेले अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्ये सांगितलं होतं, एकत्र प्रॉम करा, खर्च माझा. नकार मिळाला. २००८ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा कुठे होकार आला. त्याही वर्षी काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा केलाच.

शाळेचा प्रॉम म्हणजे शाळेतल्या प्रत्येक मुलाचा प्रॉम. तो बंद केलात तर नाच बंद होणार नाही. कोणाला बोलवायचं हे ज्याच्या हातात पैसा तो ठरवेल, एवढंच.

वैदेही_एडिसन
समीर, तो त्या गावांचा वर्णद्वेष. प्रॉम नसता तर दुसऱ्या कशात तरी दिसला असता. आणि शाळेच्या हातात असला म्हणजे सगळ्यांचा असतो, हेही खरं नाही. मिसिसिपीतच, फुल्टन गावात, २०१० मध्ये एका मुलीला आपल्या प्रेयसीबरोबर जोडीनं, टक्सिडो घालून यायचं होतं. शाळेनं काय केलं? अख्खा प्रॉमच रद्द केला, आणि गावाचा राग त्या पोरीवर. अशा वेळी शाळा कोणाच्या बाजूनं उभी राहिली?

समीर_अटलांटा
ते प्रकरण पूर्ण सांगू या. तिनं कोर्टात दाद मागितली, आणि तिच्या हक्कावर गदा आली हे न्यायाधीशांनी मान्य केलं. नंतर जिल्ह्याच्या शाळा प्रशासनानं ३५ हजार डॉलर भरपाई दिली आणि भेदभाव न करण्याचं धोरण आणलं. सरकारी शाळा होती म्हणून हे झालं. त्याआधी १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका मुलानं असाच खटला जिंकला होता. खासगी पार्टीला कोणतं कोर्ट जाब विचारणार? फुल्टनमध्ये पालकांनी खासगी पार्टी ठेवली आणि त्या मुलीला पाठवलं दुसऱ्याच हॉलवर, जिथे जेमतेम सात-आठ पोरं होती. मला भीती आहे ती याची.

केतकी_के
मी इथेच वाढले, प्रॉमला गेलेय, म्हणून लिहिते. 'कोणी विचारलं नाही' हे दुखणं आहेच, पण आता खूप मुलंमुली घोळक्यानं जातात. आम्ही मैत्रिणी-मैत्रिणीच गेलो होतो. दाराशी शिक्षिकांनी स्वस्तातल्या चपलांची टोपली ठेवली होती, कारण उंच टाचा कोणाच्याच पायात अर्धा तासही टिकत नाहीत. मग सगळ्या टेबलांखाली सँडलचा ढीग, आणि मधे वर्षभर एकमेकांशी न बोललेली पोरं एका गोलात नाचतायत. गणिताचे सर कोपऱ्यात उभे राहून लक्ष ठेवत होते, त्यांनाही ओढून नेलं. शाळेतली ती एकच संध्याकाळ, जेव्हा कोणाला मार्क किती हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. ती काढून घेऊ नका.

अण्णा_सातारकर
इकडून वाचतोय. आमच्याकडे दहावीचा निरोप समारंभ असायचा: समोसा, वेफर्स, मुख्याध्यापकांचं भाषण, ग्रुप फोटो, आणि मुली हमखास रडायच्या. आता पुण्या-मुंबईच्या काही इंटरनॅशनल शाळांत प्रॉम नाइट होतात. सतरा वर्षांच्या मुलांनी जोड्या लावायच्या आणि शाळेनं त्याला हॉल पुरवायचा, हे मला पटत नाही. निरोप सगळ्या वर्गाचा असावा, जोडीचा नको. आणि रात्रीच्या त्या गाड्या, दारू, त्याचं काय?

मंजिरी_मिनिआपोलिस
अण्णा, काळजी रास्त आहे. म्हणूनच कितीतरी गावांत पालक आफ्टर-प्रॉम करतात. पदवीदानाच्या दिवसांत दारूपायी गाडी ठोकून मुलं गेली, त्यावरून मेन राज्यात १९८० मध्ये अशी बिनदारूची रात्र सुरू झाली आणि ती देशभर पसरली. आमच्याकडे शाळेच्या जिममध्ये पहाटेपर्यंत खेळ, पिझ्झा, बक्षिसं. मधेच कोणी निघालं तर आधी घरी फोन जातो. मी स्वतः पहाटे तीनला पॅनकेक भाजलेत. शाळेनं हात झटकले असते तर हीच मुलं कोणाच्या तरी तळघरात असती.

वैदेही_एडिसन
मंजिरी, आफ्टर-प्रॉमला माझा विरोध नाही, उलट तोच मुख्य कार्यक्रम करा. केतकीनं सांगितलेला गोल जिममध्येही होईल. हॉटेलचा बँक्वेट हॉल कशाला? जिम, साधे कपडे, नाममात्र तिकीट, जोडीचं तिकीट वेगळं छापायचंच नाही. पुढच्या पालक-शिक्षक बैठकीत मी हेच मांडणार आहे.

समीर_अटलांटा
जोडीचं तिकीट काढून टाका, ताई, त्याला मी सही देतो. पण साध्या कपड्यांची सक्ती केलीत की पैसेवाल्यांची मुलं त्याच रात्री हॉटेलात आपला हॉल घेतील, आणि जिममध्ये उरतील ती बाकीची. गाऊन लायब्ररीत फुकट वाटा, कॉर्साज मुलांकडून शाळेतच करून घ्या. पण सगळ्यांना ठेवा एकाच छताखाली.

केतकी_के
सक्तीला माझाही विरोध. नटणं हा त्यातला अर्धा आनंद आहे.

अण्णा_सातारकर
जोडीचं तिकीट जाणार असेल तर माझी अर्धी तक्रार मिटली. उरलेली अर्धी हॉटेलबद्दल आहे, आणि त्यात मी वैदेहीताईंच्या बाजूनं.