डोळ्याच्या नसेचा आजार माहेरच्या बाजूने येतो. बहिणीला कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगड तालुक्यातले. घरची हापूसची कलमं आहेत. गेल्या एप्रिलात आंबे काढताना माझा मुलगा (वय २३) हातातला झेला खाली ठेवून म्हणाला, "आये, आंब्याकडे बघलंय की आंबो दिसणा नाय, बाजूक बघलंय की दिसता." आधी उजवा डोळा, दोन महिन्यांत डावाही. दुखणं नाही, लाली नाही. इथे चष्मा बदलून पाहिला, मग कोल्हापूरला नेलं. ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन), फिल्ड टेस्ट (नजर कुठवर पोचते ती तपासणी), एमआरआय झाले आणि शेवटी रक्ताच्या जनुकीय तपासणीत डीएनएमधल्या ११७७८ क्रमांकाच्या जागेवरचा बदल सापडला. आजाराचं नाव लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपथी, म्हणजे डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार.

नाव ऐकलं आणि मला माझा भाऊ आठवला. त्याची नजर चोविसाव्या वर्षी अशीच गेली. तेव्हा गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, कुणी तंबाखूला दोष दिला. डॉक्टरांकडे धड कुणी नेलंच नाही. आज तो माणसं आवाजावरून ओळखतो.

डॉक्टरांनी समजावलं की हा बदल पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागात असतो आणि तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. म्हणजे माझ्या मुलाच्या किंवा भावाच्या मुलांना तो जाणार नाही, पण माझ्या मुलीकडून पुढे जाईल. बदल असलेल्या सगळ्यांची नजर जात नाही, पुरुषांची जास्त जाते. गावात मात्र सगळं उलटं चाललंय. मुलाचं लग्न कसं होणार म्हणून लोक हळहळतात, मुलीचा विचार कुणाच्या मनातही नाही.

माझी खरी काळजी मालवणच्या ताईची. तिचा धाकटा १९ वर्षांचा आहे, बोटीवर जातो, सिगारेट ओढतो. आम्ही सख्ख्या बहिणी, म्हणजे हा बदल त्याच्यातही असणार. अशा मुलांनी सिगारेट-दारूपासून लांब राहावं असं डॉक्टरांनी बजावलंय. ताईला फोनवर अर्धंच सांगितलं, तर म्हणाली, "माझ्या पोराच्या मागे कशाला लावतेस?"

कुणाच्या घरी हा आजार असेल तर कृपया सांगा. नातेवाइकांना कसं सांगितलंत? नजर चांगली असताना मुलांची तपासणी करून घेतलीत का? आणि माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू आहे, तिला जनुकीय समुपदेशनाला आधी न्यावं की समोरच्या घरी आधी सांगावं?

नारळी पौर्णिमेनंतर भाचा पुन्हा बोटीवर जाईल. त्याआधी मला मालवणला जाऊन ताईसमोर बसायचंय.